बार्सिलोनात जपानी टापास खायला जाताय? मागवण्याची रीत आधी समजून घ्या

प्रश्न पुण्याहून आलाय. पाच जणांचं कुटुंब सप्टेंबरात बार्सिलोनाला चाललंय: नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासू-सासरे. एकाच मेनूवर सुशीही आणि स्पॅनिश टापासही (वाटून खायच्या लहान ताटल्या) असलेल्या रेस्टॉरंटमध्ये एकदा तरी जेवायचं, असा मुलीचा हट्ट आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, सासऱ्यांना अंडं चालतं, बाकी तिघं मासे-चिकन खातात. बीफ-पोर्क कोणीच खात नाही. कच्चा मासा आजवर कोणी तोंडात घातलेला नाही. बाई विचारतात, "अशा सरमिसळीत धड ना जपानी, धड ना स्पॅनिश असं काहीतरी पदरात पडणार नाही ना? आणि पैसे वाया न घालवता मागवायचं कसं?"

मी बार्सिलोनातल्या स्वयंपाकघरांत काम करतो. टापास-बारचा प्लांचा, म्हणजे मोठा सपाट तवा, सांभाळलाय, जपानी काउंटरमागे सुशीचा भातही लावलाय. माझं उत्तर असं: जरूर जा, पण ताटल्या एकदम मागवू नका. या प्रकारच्या जागेत अर्धी चव स्वयंपाकघर देतं आणि अर्धी तुम्ही कशा क्रमाने मागवता त्यावर ठरते. आणि सासूबाईंच्या खाण्याचं बुकिंग करतानाच लिहून कळवा. तिथे गेल्यावर बघू, असं अजिबात नको.

आता सरमिसळीबद्दल. जपानचा इझाकाया, म्हणजे तिथला साधा बार, आणि स्पेनचा टापास-बार यांची बैठक मुळात एकच आहे. दोन्हीकडे माणसं प्यायला आणि गप्पा मारायला येतात, खाणं त्याच्या जोडीला. ताटल्या लहान, मध्ये ठेवलेल्या, ज्याने त्याने उचलायचं, संपली की पुढची सांगायची. त्यामुळे दोन देशांचे पदार्थ एका काउंटरवर आले तरी बसणाऱ्याला काही खटकत नाही. बिघडतं ते एकाच घासात दोन्ही देश कोंबायला गेलं की: चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घातलेला सुशी रोल, त्यावर मेयॉनीझ, त्यावर गोड सॉस. असलं काही मेनूवर दिसलं तर तुमची भीती खरी आहे असं समजा.

नीट विचार करून केलेली उदाहरणंही आहेत. माद्रिदला शेफ रिकार्दो सान्स यांनी २००० साली काबुकी नावाचं रेस्टॉरंट उघडलं. लावा पक्ष्याच्या तळलेल्या अंड्याची त्यांची निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर पदार्थ ठेवलेली सुशी, पुढे बरीच गाजली. बार्सिलोनात २००८ साली 'एल बुली' या नावाजलेल्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराचे प्रमुख राहिलेले आल्बेर्त राउरिक आणि सोमेलिए, म्हणजे वाइनच्या जाणकार, तामाए इमाची यांनी रावाल वस्तीत दोस पालियोस सुरू केलं. तिथे पदार्थ आशियाई, खाण्याची रीत टापासची, आणि आत स्वयंपाकघराला वळसा घालून काउंटर. तुम्ही तिथेच जा असं मी म्हणत नाही. चाखणी-मेनूची, म्हणजे शेफने ठरवलेल्या बऱ्याच छोट्या पदार्थांची, जागा सासू-सासऱ्यांना लांबलचक वाटेल, आणि घरात शाकाहारी माणूस असेल तर मला वेगवेगळे पदार्थ निवडता येणारी साधी जागाच बरी वाटते.

आणि हा संबंध काही आजचा नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर मूळचे नवारचे, म्हणजे आजच्या स्पेनमधले. १५४९ साली ते गोव्याहून निघून जपानच्या कागोशिमाला उतरले. त्याच काळात पोर्तुगीज व्यापारी आणि पाद्री यांच्यामागोमाग तळणीची आणि व्हिनेगरात मुरवण्याची पद्धत जपानात पोचली. तेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या, त्यातूनच आली असं मानतात. तळलेला मासा व्हिनेगरात मुरवून करतात ती जपानी नानबानझुके आणि स्पॅनिश एस्काबेचे शेजारी ठेवून चाखा, नातं आपोआप कळेल. उलट दिशेनेही माणसं आली: १६१४ साली हासेकुरा त्सुनेनागा यांचं जपानी शिष्टमंडळ स्पेनमधल्या सेव्हिलला पोचलं, त्यातले काही जण तिथेच राहिले, आणि जवळच्या कोरिया देल रिओ गावात आजही 'हापोन' आडनावाची कुटुंबं स्वतःला त्यांचे वंशज म्हणवतात.

बरं, जागा कशी निवडायची? मेनू दाराबाहेर लावलेला असतो. वीस-पंचवीस रोल, त्यातल्या बहुतेकांत सॅल्मन आणि अवोकाडो, आणि शेवटच्या पानावर फोटोसकट पाएया हा स्पॅनिश भात, असं दिसलं की पुढे चालू लागा. (कच्चा सॅल्मन ही जपानातसुद्धा जुनी गोष्ट नाही. आपला मासा खपवायला नॉर्वेवाल्यांनी १९८० च्या दशकात ती तिथे रुजवली.) मेनू लहान असेल, त्यात दोन-चार पदार्थ आजच्या बाजारानुसार खडूने लिहिलेले असतील, तर आत जायला हरकत नाही.

आत गेल्यावर स्वयंपाकघर कसं आहे ते मी दोन गोष्टींवरून जोखतो. पहिली निगिरीचा भात. तो अंगाइतका कोमट हवा. उचलताना फुटू नये, पण तोंडात गेल्यावर दाणा न् दाणा सुटावा. फ्रीजमधून काढलेला गार, घट्ट भात आला तर तिथे जपानी बाजू नुसती नावाला आहे. पुढचं सगळं स्पॅनिश मागवा. दुसरी गोष्ट तळण. भज्याचं पीठ आपण फेटतो, तेंपुराचं मात्र मुद्दाम अर्धवट कालवतात. बर्फाचं पाणी, मैदा, अंडं, काड्यांनी चार फटके, गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि कवच चिवट होतं. दक्षिण स्पेनच्या अंदालुसियात याच्या उलट: ओलं पीठ नाहीच, मासा भरड पिठात घोळवून, चाळणीत झटकून थेट ऑलिव्ह तेलात. दोन्ही तळणं एकाच जागी चांगली मिळाली तर फ्रायरवरचा माणूस कसलेला आहे. ताटलीखालच्या कागदावर तेलाचं तळं दिसलं तर तळणाचं नाव पुन्हा काढू नका.

आता मागवणं. पाच जणांनी पंधरा ताटल्या एकदम सांगितल्या की आतून काय होतं ते सांगतो. तिकीट, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, येतं, गार विभाग, प्लांचा आणि फ्रायर तिघंही आपापलं काम सुरू करतात, आणि जे तयार होईल ते पासवर, म्हणजे वेटर ताटल्या उचलतात त्या खिडकीत, येतं. तेंपुरा तीन मिनिटांत, ऑक्टोपस आठ मिनिटांत, निगिरी मात्र सुशीवाल्याच्या हाताखाली आधीच्या चार ऑर्डर असतील तर वीस मिनिटांनी. तुमच्यासमोर आधी तळलेलं येतं, मग कच्चं, मग परत तळलेलं. टेबलावर जागा उरत नाही, तेंपुरा मऊ पडतो, आणि तेल-लसूण खाल्लेल्या जिभेला नंतर पांढऱ्या माशाची चव लागत नाही. एका वेळी दोन, फार तर तीन ताटल्या सांगा. त्या संपत आल्या की पुढच्या. वेटर घाई करेल, "आणखी काही?" म्हणून उभा राहील, हसून "देस्पुएस" म्हणा, म्हणजे नंतर. इथे त्याचा कोणाला राग येत नाही.

पहिल्या फेरीत पाद्रोनच्या मिरच्या घ्याच. वायव्य स्पेनमधल्या गालिसियातल्या या बोटभर हिरव्या मिरच्या. प्लांचा चांगला तापला की त्यावर ऑलिव्ह तेल, मग मिरच्या. अर्ध्या मिनिटात सालीवर पांढरे फोड उठतात, ते तपकिरी होईपर्यंत परतायच्या, आणि वरून जाड मीठ चिमटीने. देठ धरून आख्खी खायची. बहुतेक गोडसर असतात, एखादीच तिखट निघते, आणि ती कोणाच्या वाट्याला येते यावर स्पॅनिश टेबलावर हसाहशी होते. तुम्हाला ती 'तिखट'ही फारशी तिखट लागणार नाही. जपानची शिशितो मिरची दिसायला आणि वागायला हुबेहूब अशीच, त्यामुळे या जागांत दोन्ही एकमेकींच्या जागी वापरतात. सप्टेंबरात त्यांचा हंगाम असतो. फक्त एक पाहा: जपानी वळणाच्या जागी वरून कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस, भुरभुरतात. सासूबाईंसाठी तो नको म्हणून सांगा.

कच्च्या माशाची सुरुवात ट्युनाने करा, सॅल्मनने नको. दक्षिण स्पेनमधल्या कादिसच्या किनाऱ्यावर बार्बाते, कोनिल, साआरा, तारिफा इथे मे-जूनमध्ये आल्माद्राबा लावतात, म्हणजे अटलांटिकातून भूमध्य समुद्रात अंडी घालायला निघालेला ब्लूफिन ट्युना अडवणारी जाळ्यांची वाट. फिनिशियन काळापासून चालत आलेली ही मासेमारी. त्या ट्युनाचा मोठा वाटा कित्येक वर्षं जपानला जातोय, आणि त्याचे तुकडे कसे पाडायचे हे स्पॅनिश स्वयंपाक्यांनी जपानी ग्राहकांकडून नव्याने शिकून घेतलं. हा मासा कापताना बघण्यासारखा असतो. लांब सुरी मणक्यांवरून सरकते तेव्हा घोरल्यासारखी घरघर येते; स्पॅनिशमध्ये त्या कापणीला रोंकेओच म्हणतात. पोटाकडची चरबीची पट्टी ती स्पॅनिश वेंत्रेस्का, जपानी तोरो. पाठीकडचा गडद लाल भाग आकामी. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी आकामीच देतो: वास जवळजवळ नाही, दाताखाली मऊ, आणि किंमतही तोरोपेक्षा कमी. तोरो एक-एक तुकडा चाखा, पण तोंडभर चरबी पहिल्याच घासाला सगळ्यांना झेपत नाही.

सप्टेंबरात आल्माद्राबाचा ताजा मासा नसतो. त्याने घाबरून जाऊ नका. बार्सिलोनात ट्युना बहुधा तारागोना किनाऱ्यावरच्या लामेत्या दे मारजवळ समुद्रातल्या जाळ्यांत पोसलेला येतो, तो वर्षभर मिळतो. नाहीतर उणे ६० अंशांवर गोठवलेला. गोठवलेला म्हणजे कमी दर्जाचा, ही आपली समजूत इथे सोडून द्या. अनिसाकिस नावाच्या कृमीमुळे युरोपात कच्च्या खायच्या बहुतेक समुद्री माशांना उणे २० अंशांवर किमान २४ तास ठेवणं बंधनकारक आहे, आणि स्पेनने तर २००६ सालीच रेस्टॉरंटांसाठी तसा वेगळा नियम केला. व्हिनेगरात मुरवलेल्या बोकेरोनेस या लहान माशांनाही तो लागू आहे, कारण व्हिनेगराने ती कृमी मरत नाही. तेव्हा वेटरला "मासा गोठवलेला आहे का?" असं बिनधास्त विचारा. चांगल्या जागी "हो" असंच उत्तर येतं.

ट्युनानंतर शिमे-साबा मिळाली तर घ्या. आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला मासा, आधी मिठात, मग व्हिनेगरात. कच्चा आणि शिजलेला यांच्या मधला हा पदार्थ मासे खाणाऱ्या मराठी माणसाला पटकन रुचतो, असा माझा अनुभव आहे. सी-अर्चिन आणि कच्ची कोळंबी पहिल्या दिवशी नकोच. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. उलटी करून माशाची बाजू सोयसॉसला लावायची, भाताची नाही, नाहीतर भात सॉस पितो आणि वाटीत विरघळतो. वासाबी सॉसमध्ये कालवू नका. बऱ्याच ठिकाणी मिळते ती हिरवी पेस्ट वासाबी नसतेच, हॉर्सरॅडिश आणि मोहरीला हिरवा रंग दिलेला असतो. काउंटरवर कोणी मूळ किसताना दिसलं तर तेवढी मात्र लगेच खा, पाव तासात तिचा दरवळ उडतो.

कच्च्यानंतर गार आणि आंबट, मग प्लांचा आणि तळण, सगळ्यात शेवटी कोळशावरचं आणि सॉसवालं. तुमच्या तिघांसाठी लसणीत परतलेली कोळंबी, गालिसियन पद्धतीचा ऑक्टोपस, चिकन याकितोरी (काडीवर भाजलेलं चिकन), काराआगे (तळलेलं चिकन) हे सगळं निर्धास्त. ग्योझात, म्हणजे जपानी मोमोत, मात्र बहुधा पोर्क असतं, क्रोकेतास (तळलेले मऊ रोल) विचारल्याशिवाय घेतली तर नव्वद टक्के आत खामोन, म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस. मेनूवर 'इबेरिको' शब्द दिसला की तो पदार्थ डुकराचाच, आणि वाग्यू म्हणजे बीफ.

सासूबाईंचा प्रश्न मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण इथे फसगत खूप होते. स्पेनमध्ये कित्येक जण "मांस नको" याचा अर्थ "मांसाचा मोठा तुकडा नको" असा घेतात. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप शाकाहारी, पण वर अंड्याबरोबर खामोनचे तुकडे. बटाट्याच्या रशियन सॅलडमध्ये ट्युना. पालेभाजीत, वालाच्या दाण्यांत स्वादापुरता खामोन. मांचेगो चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने जनावराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण. जपानी बाजूला अडचण याहून अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही: दाशी. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचं ते पाणी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये असतं, तेंपुराच्या बुडवायच्या सॉसमध्ये, आगेदाशी तोफूच्या रश्श्यात, इनारी सुशीच्या पिशवीत, पालकाच्या गोमा-आएमध्येही बऱ्याचदा. आणि या दोन्ही परंपरा एकत्र करणाऱ्या जागांत तर खामोनच्या हाडांची दाशी काढतात. चव जबरदस्त येते, पण मेनूवर नुसतं 'काल्दो', म्हणजे रस्सा, लिहिलेलं असतं.

मग त्यांनी खायचं काय? स्पॅनिश बाजूला बरंच आहे: टोमॅटो चोळलेला पाव, एस्कालिवादा (निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, ऑलिव्ह तेलात), पालक-छोले, तळून वर मधासारखी काकवी सोडलेली वांगी, पातातास ब्रावास (तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे). शेवटच्या दोन्ही तळणीच्या, तेव्हा तेल मासे-कोळंबीचं नाही ना, ते विचारून घ्या. ब्रावासवरचा आलिओली, म्हणजे लसणीचा सॉस, मात्र बाजूला मागा, त्यात बहुतेकदा अंडं असतं. सासऱ्यांना बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, आवडेल. तो इथे आतून ओलसर ठेवतात; पूर्ण शिजलेला हवा असेल तर "ब्येन कुआखादा" म्हणा. जपानी बाजूला एदामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), काकडीची माकी (गुंडाळलेली सुशी), अवोकाडोची निगिरी, मिसो लावून भाजलेलं वांगं. मिसोच्या लेपात दाशी नाही ना एवढं विचारायचं. भाज्यांचा तेंपुरा मी त्यांच्यासाठी सुचवणार नाही: पिठात अंडं, सॉसमध्ये मासा, आणि फ्रायरमधलं तेल कोळंबीचंच. साध्या जागांत भाज्यांसाठी वेगळा फ्रायर नसतो.

बुकिंग करताना हे असं लिहा: एक व्यक्ती मांस, मासे, अंडं आणि त्यांचं पाणी किंवा सूपही खात नाही, दाशी, कात्सुओबुशी, खामोन, जिलेटिन चालत नाही, किती पदार्थ देता येतील ते कृपया आधी कळवा. या शेवटच्या वाक्याने फरक पडतो. आधी कळलं तर आम्ही नुसत्या कोंबूची दाशी वेगळी काढतो, ते अर्ध्या तासाचं काम आहे. रात्री साडेनऊला तिकिटावर कळलं तर मदत करायची इच्छा असूनही काकडीची माकीच पुढे येते. टेबलावर पुन्हा सांगायचं तर: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन दाशी."

बसायला काउंटर सगळ्यात छान, समोर हात चालताना दिसतात आणि ताटली दोन पावलांत येते. पण पाच जण एका ओळीत बसले तर टोकाच्या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि बारची स्टुलं उंच असतात. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत. कोपऱ्यावरच्या जागा मागा, नाहीतर सरळ टेबल घ्या.

पिणार असाल तर फिनो किंवा मांसानिया शेरी मागवा. हेरेस भागातली ही कोरडी, खारट अंगाची वाइन सोयसॉस आणि कच्च्या माशाबरोबर साकेइतकीच जमते, आणि ग्लास साकेपेक्षा स्वस्त पडतो. लाल वाइन माशाबरोबर नको. तिच्यातल्या लोहामुळे तोंडात उग्र, धातूसारखी चव राहते. पाणी बाटलीचंच घ्यायला हवं असं नाही. २०२२ च्या कायद्याप्रमाणे नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. बार्सिलोनातल्या नळाच्या पाण्याची चव काही खास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाव टेबलावर आला की बहुधा बिलात धरतात, नको असेल तर परत पाठवा. टिप देण्याची सक्ती नाही.

रात्रीचं स्वयंपाकघर साडेआठच्या आधी क्वचितच उघडतं आणि दहाला गर्दी शिगेला असते. सासू-सासऱ्यांना तेवढा उशीर जड जाणार असेल तर दुपारी दीडचं बुकिंग करा. मंगळवार ते शुक्रवार यातला दिवस धरा, बऱ्याच जागा रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात. ११ सप्टेंबरला कातालोनियाचा दिवस आणि २४ ला ला मेर्से, या दोन्ही सुट्ट्यांना शहर भरलेलं असतं आणि अर्धी स्वयंपाकघरं बंद. तुमच्या तारखा त्यांच्या जवळपास येत असतील तर बुकिंग आत्ताच करून टाका.